सज्ञानतेची रेषा : अमेरिकेतील राज्य न्यायालये आणि अल्पवयीन आरोपी

प्रश्नाचे स्वरूप

अमेरिकेतील फौजदारी न्यायाचा मुख्य भार संघीय न्यायालयांवर नसून पन्नास राज्यांच्या स्वतंत्र न्यायालयांवर आहे. खून, दरोडा, घरफोडी, मारहाण, चोरी यांसारखे बहुतेक गुन्हे राज्यांच्या कायद्यांखाली येतात, आणि प्रत्येक राज्याची दंडसंहिता, न्यायालयांची रचना व शिक्षेची पद्धत वेगळी आहे. या सर्व राज्यांत एक गोष्ट समान आहे : प्रौढ आरोपींसाठी फौजदारी न्यायालय आणि अल्पवयीनांसाठी बाल न्यायालय अशा दोन वाटा तेथे, बहुतेक राज्यांत शंभर वर्षांहून अधिक काळ, शेजारी शेजारी चालत आल्या आहेत. मात्र कोणत्या वयाचा, कोणत्या गुन्ह्यातील मुलगा कोणत्या वाटेने जाईल, आणि ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा, याबाबत राज्याराज्यांत मोठी तफावत आहे. अल्पवयीनांचे गुन्हे किती सौम्यतेने हाताळावेत, या प्रश्नाभोवती हा वाद बहुधा मांडला जातो. परंतु त्याच्या इतिहासाकडे पाहता त्याच्या मुळाशी दुसरा प्रश्न दिसतो. वाढ ही हळूहळू होणारी गोष्ट आहे आणि कायद्याला मात्र ठाम रेषा लागते. ती रेषा कायदेमंडळाने वयाच्या आधारे आखावी, सरकारी वकिलाने आरोपाच्या आधारे आखावी, की न्यायाधीशाने समोरच्या मुलाला पाहून आखावी, हा तो प्रश्न होय.

बाल न्यायालयाचा उगम

इंग्लंडकडून आलेल्या जुन्या सामान्य कायद्यात वयाचे तीन टप्पे होते. सात वर्षांखालील मूल गुन्हा करण्यास अक्षम मानले जाई. सात ते चौदा वयात ते अक्षम असल्याचे गृहीत धरले जाई, पण त्याला बऱ्यावाइटाची जाण होती हे सिद्ध करून ते गृहीतक खोडता येई. चौदानंतर मात्र मुलाचा खटला प्रौढाप्रमाणेच चाले. एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्क शहरात 1825 मध्ये निघालेल्या आश्रयगृहापासून मुलांना तुरुंगाऐवजी सुधारगृहात ठेवण्याची प्रथा पसरली. ज्या मुलाचे आईवडील सांभाळ करण्यास असमर्थ ठरतात त्याचे पालकत्व राज्याकडे येते, हे तत्त्व तिच्या मुळाशी होते आणि पुढे बाल न्यायालयाचाही तोच पाया ठरला.

पहिले स्वतंत्र बाल न्यायालय इलिनॉय राज्याच्या 1899 च्या कायद्याने शिकागोच्या कुक काउंटीत स्थापन झाले. लुसी फ्लॉवर, जुलिया लॅथ्रॉप आणि जेन ॲडम्स यांच्यासारख्या समाजसेविकांनी त्यासाठी दीर्घ प्रयत्न केले होते. या न्यायालयाने आपली भाषाही बदलली : आरोपपत्राऐवजी अर्ज, दोषसिद्धीऐवजी निर्णय, शिक्षेऐवजी व्यवस्था असे शब्द रूढ झाले. सुनावणी बंद दाराआड होई, कागदपत्रे गोपनीय राहत, वकिलाची गरज मानली जात नसे, आणि न्यायाधीशाने समंजस वडीलधाऱ्याच्या भूमिकेतून मुलाचे हित पाहावे अशी अपेक्षा असे. मुलाने काय केले यापेक्षा त्याला कशाची गरज आहे, हा प्रश्न महत्त्वाचा मानला गेला. 1925 पर्यंत दोन राज्ये वगळता सर्वत्र अशी न्यायालये निघाली.

संरक्षणाकडून हक्कांकडे

या रचनेतील दोष पुढे स्पष्ट होत गेले. न्यायाधीशाला जवळजवळ अमर्याद स्वेच्छाधिकार होता, आणि ‘व्यवस्था’ या सौम्य शब्दामागे अनेकदा वर्षानुवर्षांची कोंडी असे. 1966 च्या ‘केंट’ प्रकरणात संघीय सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की मुलाचे प्रकरण प्रौढ न्यायालयाकडे वर्ग करण्यापूर्वी सुनावणी झाली पाहिजे, वकिलाला कागदपत्रे पाहता आली पाहिजेत आणि आदेशात कारणे नमूद केली पाहिजेत. हे प्रकरण राजधानीच्या कोलंबिया जिल्ह्यातील असले, तरी प्रकरण वर्ग करताना विचारात घ्यायचे त्यातील निकष पुढे अनेक राज्यांनी आपल्या कायद्यांत घेतले.

त्यानंतरच्याच वर्षी आलेला ‘गॉल्ट’ निकाल अधिक दूरगामी ठरला. ॲरिझोना राज्यातील पंधरा वर्षांच्या मुलाला अश्लील फोन केल्याच्या आरोपावरून एकविसाव्या वर्षापर्यंत औद्योगिक शाळा म्हणवणाऱ्या सुधारगृहात ठेवण्याचा आदेश झाला होता. तक्रारदार महिला न्यायालयात आलीच नव्हती, आणि त्याच कृत्यासाठी प्रौढाला जास्तीत जास्त 50 डॉलर दंड किंवा दोन महिने कैद झाली असती. कोंडून ठेवले जाण्याची शक्यता असलेल्या मुलाला आरोपाची पूर्वसूचना, वकील, साक्षीदारांची उलटतपासणी आणि स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क असलाच पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. 1970 च्या ‘विनशिप’ निकालाने आरोप वाजवी संशयापलीकडे सिद्ध होण्याची अट बाल न्यायालयांनाही लागू केली, आणि 1975 च्या ‘ब्रीड’ निकालाने एकाच कृत्यासाठी आधी बाल न्यायालयात व मग प्रौढ न्यायालयात खटला चालवण्यास मनाई केली. मात्र 1971 च्या ‘मॅकीव्हर’ निकालात ज्युरीपुढे खटला चालवला जाण्याचा घटनात्मक हक्क मुलांना नाकारला गेला. ज्युरी आली तर बाल न्यायालयाचे वेगळेपणच संपेल, ही त्यामागची मुख्य भीती होती.

या निकालांमुळे बाल न्यायालय अधिक न्याय्य झाले, पण त्याचबरोबर ते प्रौढ न्यायालयासारखे दिसू लागले. 1974 च्या संघीय कायद्याने, ज्या राज्यांना केंद्राचा निधी हवा असेल त्यांनी अल्पवयीनांना प्रौढ कैद्यांपासून वेगळे ठेवावे, आणि शाळा बुडवणे किंवा घरातून पळून जाणे यांसारख्या केवळ वयामुळे दोष ठरणाऱ्या वर्तनासाठी मुलांना कोंडू नये, अशा अटी घातल्या.

कठोरतेचा काळ आणि प्रकरण वर्ग करण्याचे तीन मार्ग

न्यूयॉर्कने 1978 मध्येच कायदा करून खुनाच्या आरोपात तेरा वर्षांपासून आणि इतर काही गंभीर गुन्ह्यांत चौदा वर्षांपासून प्रौढ न्यायालयाची वाट खुली केली होती. 1980 च्या दशकाच्या मध्यापासून अल्पवयीनांकडून होणाऱ्या, विशेषतः बंदुकीने होणाऱ्या खुनांचे प्रमाण झपाट्याने वाढले आणि 1990 च्या दशकाच्या पूर्वार्धात ते शिखरावर पोहोचले. याच सुमारास निर्दय मुलांची एक नवी पिढी येऊ घातली आहे असे भाकीत राज्यशास्त्रज्ञ जॉन डिलुलियो यांनी केले आणि ते राजकारणात फार गाजले. प्रत्यक्षात त्यानंतरच्या वर्षांत गुन्हे घटत गेले. परंतु तोवर कायदे बदलले होते. 1992 ते 1997 या काळात 45 राज्यांनी अल्पवयीनांना प्रौढ न्यायालयात पाठवणे सोपे केले.

प्रकरण वर्ग करण्याचे तीन मुख्य मार्ग आहेत. पहिल्यात बाल न्यायालयाचा न्यायाधीश सुनावणी घेऊन, मुलाचे वय, पार्श्वभूमी, गुन्ह्याचे गांभीर्य आणि सुधारण्याची शक्यता पाहून निर्णय देतो. दुसऱ्यात कायदा सरकारी वकिलाला दोन्ही न्यायालयांचा पर्याय देतो, आणि खटला कोठे दाखल करायचा हे तोच ठरवतो. फ्लोरिडा हे याचे ठळक उदाहरण आहे. तिसऱ्यात कायदेमंडळ ठरावीक वय आणि ठरावीक गुन्हे यांची सांगड घालून ती प्रकरणे बाल न्यायालयाच्या कक्षेतूनच वगळते. काही राज्यांत प्रौढ न्यायालयाला असे प्रकरण परत पाठवता येते. उलट अनेक राज्यांत एकदा प्रौढ म्हणून खटला चाललेल्या मुलाला पुढील प्रत्येक आरोपात प्रौढच धरले जाते. मिनेसोटासारख्या राज्यांनी मिश्र शिक्षेचा मध्यममार्ग काढला, ज्यात बाल न्यायालय सुधारणेचा आदेश आणि प्रौढाची शिक्षा दोन्ही सुनावते, आणि मुलाने अटी मोडल्या तरच दुसरी अमलात येते.

वयाची रेषा कोण आखतो, हा प्रश्न येथे सर्वाधिक उघड होतो. पहिल्या मार्गात कारणांसह दिलेला आणि वरच्या न्यायालयात तपासता येणारा आदेश असतो; दुसऱ्यात सरकारी वकिलाला सहसा कारणेही द्यावी लागत नाहीत; तिसऱ्यात कोणत्या कलमाखाली आरोप ठेवायचा यावरच सर्व अवलंबून असल्याने निर्णय प्रत्यक्षात पुन्हा सरकारी वकिलाच्याच हाती जातो. कॅलिफोर्नियाने हे तिन्ही टप्पे अनुभवले : 2000 च्या सार्वमताने तेथे सरकारी वकिलाचे अधिकार वाढले, 2016 च्या सार्वमताने निर्णय पुन्हा न्यायाधीशाकडे आला, आणि 2018 च्या कायद्याने चौदा व पंधरा वर्षांच्या मुलांची प्रकरणे वर्ग करणे जवळपास पूर्णपणे थांबले.

किशोरवयाचे शास्त्र आणि शिक्षेच्या मर्यादा

2005 पासून चर्चेची दिशा बदलली. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि एलिझाबेथ स्कॉट यांच्यासारख्या अभ्यासकांनी मांडले होते की किशोरवयीन मुलाला बरेवाईट कळत असले तरी आवेग आवरणे, परिणाम जोखणे आणि सोबत्यांच्या दबावाला तोंड देणे या क्षमता उशिरा पक्व होतात, त्यामुळे त्याचा दोष नाहीसा होत नाही, पण कमी होतो. मिसूरी राज्यातून आलेल्या ‘रोपर’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी अठरा वर्षांखाली केलेल्या गुन्ह्यासाठी देहदंड रद्द केला, आणि अपक्वता, बाह्य प्रभावांना बळी पडण्याची शक्यता व अजून न घडलेले चारित्र्य ही त्याची तीन कारणे दिली. 2010 च्या ‘ग्रॅहम’ निकालाने खून वगळता इतर गुन्ह्यांसाठी अल्पवयीनांना पॅरोलशिवाय, म्हणजे सुटकेच्या कोणत्याही संधीविना, जन्मठेप देण्यास मनाई केली. 2012 च्या ‘मिलर’ निकालाने खुनाच्या गुन्ह्यातही अशी शिक्षा कायद्याने सक्तीची करता येणार नाही असे सांगितले, आणि 2016 च्या ‘माँटगोमेरी’ निकालाने त्याला पूर्वलक्षी प्रभाव दिल्याने जुन्या कैद्यांनाही फेरविचाराची संधी मिळाली.

2021 च्या ‘जोन्स’ निकालात न्यायालयाचा सूर बदलला. अल्पवयीनाला अशी जन्मठेप देण्यापूर्वी तो कधीच सुधारणार नाही असा स्वतंत्र निष्कर्ष नोंदवण्याची गरज नाही, न्यायाधीशाला वय विचारात घेण्याची मोकळीक होती एवढे पुरे आहे, असे बहुमताने ठरवले. यानंतर पुढाकार राज्यांकडे गेला. आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यापूर्वीच, 2014 मध्ये, राज्यघटनेच्या आधारे अल्पवयीनांसाठी सर्व सक्तीच्या किमान शिक्षा अवैध ठरवल्या होत्या. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये एकवीस वर्षांखालील गुन्हेगारांनाही पॅरोलशिवाय जन्मठेप देता येणार नाही असा निर्णय दिला. आज निम्म्याहून अधिक राज्यांत अल्पवयीनांना ही शिक्षा देता येत नाही.

खटल्याच्या वयाची मर्यादा वाढवण्याची चळवळही याच काळातील आहे. सोळा वर्षांच्या मुलांना सरसकट प्रौढ मानणाऱ्या न्यूयॉर्क आणि नॉर्थ कॅरोलायना या शेवटच्या दोन राज्यांनी 2017 मध्ये कायदे बदलले, आणि व्हरमाँटने 2020 पासून अठरा वर्षांच्यांनाही बाल न्यायालयाच्या कक्षेत आणले. तरीही ही वाटचाल सरळ नाही. जॉर्जिया, टेक्सास आणि विस्कॉन्सिन येथे सतरा वर्षांचा आरोपी प्रौढ मानण्याची पद्धत टिकून राहिली. लुईझियानाने मर्यादा वाढवून 2024 मध्ये ती पुन्हा खाली आणली. त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायनानेही गंभीर गुन्ह्यांतील सोळा-सतरा वर्षांच्यांची प्रकरणे थेट प्रौढ न्यायालयात नेण्याची तरतूद केली.

मुख्य भूमिका

पहिली भूमिका स्वतंत्र बाल न्यायालय टिकवून त्याची कक्षा वाढवावी, अशी आहे. बहुतेक किशोर वाढत्या वयाबरोबर गुन्हेगारी सोडतात, म्हणून या काळात त्यांचे शिक्षण, कुटुंब आणि भविष्य उद्ध्वस्त होऊ न देणे हेच न्यायालयाचे पहिले काम आहे, असे तिचे समर्थक म्हणतात. फिनिक्स आणि फिलाडेल्फिया येथील गंभीर गुन्हे केलेल्या 1,354 तरुणांचा सात वर्षे मागोवा घेणाऱ्या अभ्यासात बहुसंख्यांचे गुन्हे कालांतराने घटले, आणि कोंडीचा काळ लांबवल्याने फारसा फरक पडला नाही, ही बाब ते पुढे करतात.

दुसरी भूमिका उत्तरदायित्वाची आहे. तिच्या मते गंभीर हिंसेत पीडिताचे दुःख आरोपीच्या वयाने कमी होत नाही. मेंदूविषयीचे निष्कर्ष गटाच्या सरासरीचे असतात आणि एखाद्या विशिष्ट सतरा वर्षांच्या आरोपीने थंड डोक्याने कट रचला असेल तर ज्युरीला ते पाहू दिले पाहिजे. आणि लोकनियुक्त कायदेमंडळाने आखलेली रेषा न्यायाधीशांनी पुसू नये. ‘रोपर’ प्रकरणातील विरोधी मतांत यातील अनेक मुद्दे आहेत. या भूमिकेला संशोधनाचाही काही आधार आहे : अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेव्हिट यांना 1998 च्या अभ्यासात असे आढळले की जेथे सज्ञान होताच शिक्षा एकदम कडक होते, तेथे त्या वयाला गुन्ह्यांत अधिक घट होते.

तिसरी भूमिका दोन न्यायालयांच्या विभाजनालाच आव्हान देते. कायद्याचे अभ्यासक बॅरी फेल्ड यांनी 1990 च्या दशकात मांडले की बाल न्यायालय उपचारही देत नाही आणि पूर्ण हक्कही देत नाही, म्हणून ते बंद करून सर्वांसाठी एकच फौजदारी न्यायालय ठेवावे, आणि शिक्षा ठरवताना वयानुसार निश्चित सवलत द्यावी. याच्या उलट दिशेनेही जवळीक वाढली आहे. मायामीत 1989 मध्ये सुरू झालेल्या अमली पदार्थविषयक न्यायालयापासून प्रौढांच्या न्यायालयांनीही उपचार, देखरेख आणि वारंवार हजेरी या बाल न्यायालयाच्या जुन्या पद्धती स्वीकारल्या. सॅन फ्रान्सिस्कोत 2015 पासून अठरा ते पंचवीस वयोगटासाठी वेगळे न्यायालय चालते. एकीकडे मुलांच्या न्यायालयात प्रौढांच्या हक्कांची शिस्त आली, तर दुसरीकडे प्रौढांच्या न्यायालयात मुलांसाठी घडवलेली सुधारणेची दृष्टी आली.

पुरावा काय सांगतो

न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी यांच्या शेजारच्या भागांची तुलना करणाऱ्या जेफ्री फेगन यांच्या अभ्यासात, लुटीच्या आरोपातील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी प्रौढ न्यायालयात गेलेली मुले अधिक प्रमाणात आणि लवकर पुन्हा पकडली गेली. घरफोडीच्या प्रकरणांत मात्र ठळक फरक दिसला नाही. संघीय रोग नियंत्रण केंद्रांच्या पाठबळाने काम करणाऱ्या तज्ज्ञ गटाने 2007 मध्ये उपलब्ध संशोधन तपासून निष्कर्ष काढला की वर्ग केलेल्या मुलांमध्ये पुढील हिंसा वाढते, पण इतर मुलांना जरब बसते की नाही हे ठरवण्यास पुरावा अपुरा आहे. या संशोधनाची एक अंगभूत अडचण लक्षात घेतली पाहिजे. प्रौढ न्यायालयात मुळातच अधिक गंभीर प्रकरणे जातात, त्यामुळे नंतरचा फरक न्यायालयामुळे पडला की मुलांच्या आधीच्या स्थितीमुळे, हे वेगळे करणे कठीण असते.

भारतीय संदर्भ

भारतीय वाचकाला हा वाद परका वाटण्याचे कारण नाही. मुंबई प्रांताने 1924 मध्येच बालकांविषयी स्वतंत्र कायदा केला होता. 2012 च्या दिल्लीतील सामूहिक बलात्कार प्रकरणानंतरच्या चर्चेतून आलेल्या 2015 च्या बाल न्याय अधिनियमाने, सोळा ते अठरा वयाच्या मुलाने किमान सात वर्षे शिक्षेचा अतिगंभीर गुन्हा केल्याचा आरोप असल्यास, बाल न्याय मंडळाने त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि परिस्थिती यांचे प्राथमिक मूल्यमापन करावे अशी तरतूद केली. त्यानंतर प्रकरण बालकांच्या न्यायालयाकडे गेले तरी त्या न्यायालयाने प्रश्न पुन्हा तपासायचा असतो. अमेरिकेतील तीन मार्गांपैकी भारताने न्यायिक मूल्यमापनाशी जुळणारा पहिलाच मार्ग निवडला. सरकारी वकिलाच्या एकतर्फी निवडीला येथे स्थान नाही, आणि देहदंड व सुटकेच्या शक्यतेविना जन्मठेप यांना कायद्यानेच मनाई आहे. तथापि अमेरिकेला भेडसावणारी अडचण येथेही आहे. एका विशिष्ट दिवशी मुलाच्या मनात काय होते हे काही महिन्यांनी कोणी आणि कसे तपासायचे, या प्रश्नावर 2022 मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही बोट ठेवले आणि अशा मूल्यमापनात मानसशास्त्राच्या जाणकारांचे साहाय्य असावे यावर भर दिला.

अनिर्णित प्रश्न

काही मुद्द्यांवर अजून उत्तर सापडलेले नाही. किशोरवयाचे शास्त्र अठराव्या वर्षी थांबत नाही, मग कायद्याने तेथे का थांबावे, हा पहिला प्रश्न; आणि रेषा विसाव्या किंवा पंचविसाव्या वर्षी नेली तर त्याच वयाच्या मतदानाच्या आणि करार करण्याच्या हक्कांशी तिचा मेळ कसा घालायचा, हा त्याला जोडलेला दुसरा प्रश्न. खालच्या टोकालाही संदिग्धता आहे : मॅसॅच्युसेट्स आणि कॅलिफोर्निया यांनी अलीकडे बारा वर्षांची किमान मर्यादा घातली, परंतु अनेक राज्यांच्या कायद्यात अशी मर्यादाच नाही. कृष्णवर्णीय मुलांचे कोंडीतील आणि प्रौढ न्यायालयातील प्रमाण त्यांच्या लोकसंख्येतील वाट्यापेक्षा दीर्घकाळ बरेच अधिक राहिले आहे. 1988 पासून संघीय कायदा राज्यांना याकडे लक्ष देण्यास सांगत आला असला तरी ही दरी मिटलेली नाही. हक्क कागदावर असून चालत नाही, हे पेनसिल्व्हानियाच्या लुझर्न काउंटीत दिसले. तेथे अनेक मुले वकिलाविना उभी राहिली, खासगी कोंडगृहांशी संबंधित पैसे न्यायाधीशांनी घेतल्याचे उघड झाले, आणि 2009 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला हजारो निर्णय रद्द करावे लागले.

सर्वांत मोठी उणीव मात्र मोजणीची आहे. न्यायाधीशांनी वर्ग केलेल्या प्रकरणांची राष्ट्रीय आकडेवारी ठेवली जाते, पण सरकारी वकिलाच्या निवडीने किंवा कायद्याच्या वगळणीने प्रौढ न्यायालयात गेलेल्या मुलांची पूर्ण देशव्यापी गणना होत नाही. म्हणजे ज्या दोन मार्गांवर न्यायिक नियंत्रण सर्वांत कमी आहे, त्यांचीच नोंद सर्वांत अपुरी आहे. वरील तिन्ही भूमिका परस्परांपासून कितीही दूर असल्या तरी त्यांच्यात एका किमान मागणीवर एकमत शक्य आहे : ज्या मुलाला सज्ञान ठरवून प्रौढांच्या न्यायालयात उभे केले जाते, त्याच्या बाजूने वकील बोललेला असावा, तो निर्णय कोणी आणि कोणत्या कारणाने घेतला हे लिहिलेले असावे, आणि अशी मुले किती आहेत हे राज्याला सांगता यावे. ‘केंट’ निकालाला सहा दशके होत आली असताना त्यातील कारणे देण्याची साधी अटही अनेक मार्गांवर पूर्ण होत नाही, आणि म्हणून सज्ञानतेची रेषा कोठे असावी हा वाद मिटण्याची वाट न पाहता, ती ओलांडताना मुलाला काय देणे लागते, याचे उत्तर राज्यांना आधी द्यावे लागणार आहे.